तुलना कोणाशी?
रक्तगट, रोग आणि मोजदादीची गोष्ट

‘ओ रक्तगटाच्या माणसांना अल्सर जास्त होतो.’ असं वाक्य कुठे वाचलं की आपण आधी स्वतःचा रक्तगट आठवतो. दुसरा प्रश्न मात्र सहसा मनात येत नाही. जास्त म्हणजे कोणापेक्षा? ए गटाच्या माणसांपेक्षा, हे ठीक आहे. पण कुठल्या ए गटाच्या माणसांपेक्षा? त्याच गावातल्या, की दुसऱ्या? प्रश्न किरकोळ वाटतो. पण माणसाच्या आरोग्यावर आनुवंशिकतेचा परिणाम किती, हे मोजण्याच्या पद्धती गेल्या शंभर वर्षांत घडत गेल्या त्या बऱ्याच अंशी या एका प्रश्नाशी झटापट करतच.

मेंडेलला वाटाण्याच्या बाबतीत ही अडचण नव्हती. हव्या त्या रोपाचा हव्या त्या रोपाशी संकर करायचा, शेजारी शेजारी एकाच वाफ्यात लावायचा आणि दाणे मोजायचे. माणसांच्या बाबतीत असं करता येत नाही. लोक आपापल्या मर्जीने (किंवा आईवडिलांच्या मर्जीने) लग्नं करतात, दोन-तीन मुलं होतात, आणि प्रत्येक घरचं खाणंपिणं वेगळं. प्रयोग करता येत नसेल तर जे आहे तेच नीट मोजायचं आणि त्यातून अर्थ काढायचा, एवढंच हाती उरतं. अशा मोजणीसाठी माणसाचा पहिला सोयीचा गुणधर्म मिळाला तो रक्तगट. रक्ताच्या थेंबावर तो कळतो, वयाने किंवा आहाराने बदलत नाही, आणि ‘थोडासा ए’ असा प्रकार सहसा नसतो.

व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनरने रक्तगटांचा शोध १९०१ मध्ये जाहीर केला. ते आनुवंशिक आहेत हे दाखवलं जर्मनीत हायडेलबर्गला फॉन डुंगर्न आणि लुडविक हिर्शफेल्ड या दोघांनी, १९१० मध्ये. त्यांनी ७२ कुटुंबांतल्या ३४८ जणांचं रक्त तपासलं. आईवडील दोघांत नसलेला ए किंवा बी हा गुण मुलात कधी उपटत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. यावरून त्यांनी अंदाज बांधला तो असा : ए असणं-नसणं ठरवणारी जनुकांची एक जोडी आहे, आणि बी असणं-नसणं ठरवणारी दुसरी, अगदी स्वतंत्र जोडी आहे. ज्याच्यात दोन्ही आहेत तो एबी, ज्याच्यात एकही नाही तो ओ. कल्पना सुटसुटीत होती आणि पुढची चौदा वर्षं सगळ्यांनी ती मानली.

मध्यंतरी पहिलं महायुद्ध झालं. हिर्शफेल्ड सर्बियाच्या सैन्यात डॉक्टर म्हणून गेला. युद्धाच्या अखेरीस ग्रीसमधल्या सालोनिका इथे दोस्त राष्ट्रांच्या फौजा जमल्या होत्या. इंग्रज, फ्रेंच, सर्ब, सेनेगाली, आणि इंग्रजांच्या फौजेतले हिंदी शिपाईसुद्धा. हिर्शफेल्ड आणि त्याची डॉक्टर पत्नी हाना यांनी आठ हजारांवर लोकांचे रक्तगट तपासले आणि १९१९ मध्ये कोष्टक छापलं. त्यात १००० हिंदी लोकांचे आकडे असे होते : ओ ३१३, ए १९०, बी ४१२, एबी ८५. इंग्रजांमध्ये बी गट शंभरात जेमतेम सात, आपल्याकडे एकेचाळीस! एवढ्यावरून हिर्शफेल्ड दांपत्याने ए आणि बी हे मुळात दोन वेगळ्या मानववंशांचे गुण असावेत, आणि बीचं मूळ हिंदुस्थानात असावं, असाही तर्क केला. तो पुढे टिकला नाही. कोष्टक मात्र टिकलं.

आता फेलिक्स बर्नस्टाइन. हा डॉक्टर नव्हता, जीवशास्त्रज्ञही नव्हता. गोटिंगेन विद्यापीठातला गणिती; संचसिद्धांतातला एक प्रसिद्ध सिद्धांत त्याने विद्यार्थिदशेतच सिद्ध केला होता. निरनिराळ्या देशांतून छापून आलेली रक्तगटांची कोष्टकं त्याने समोर ठेवली आणि एकाही माणसाच्या बोटाला सुई न टोचता १९२४ मध्ये दाखवून दिलं, की दोन स्वतंत्र जोड्यांची कल्पना चूक आहे. त्याने केलेला हिशोब आपण हिंदी शिपायांच्या आकड्यांवर करून पाहू. वर्गमूळ काढता येणाऱ्या कुणालाही तो जमेल.

दोन जोड्या खरंच स्वतंत्र असतील तर ए असण्याचा बी असण्याशी काही संबंध नाही. मग दोन्ही असणाऱ्यांचं प्रमाण म्हणजे सरळ दोन प्रमाणांचा गुणाकार. ए हा गुण असलेले (ए आणि एबी मिळून) हजारात २७५, म्हणजे ०.२७५. बी हा गुण असलेले (बी आणि एबी मिळून) ४९७, म्हणजे ०.४९७. गुणाकार ०.१३७. म्हणजे हजारात १३७ माणसं एबी गटाची असायला हवीत. होती ८५. एवढा फरक योगायोगाने पडण्याची शक्यता फारच कमी, आणि फरक सगळीकडे त्याच दिशेने पडत होता. इंग्रजांमध्ये ५०० जणांत २४ एबी अपेक्षित, मिळाले १५.

बर्नस्टाइनची कल्पना वेगळी होती. जागा एकच, पण त्या जागेवर बसू शकणारी जनुकं तीन : ए, बी आणि ओ. प्रत्येकाला एक आईकडून आणि एक वडिलांकडून मिळतं. ओ गट दिसायला दोन्ही ओ लागतात. लोकसंख्येतल्या एकूण जनुकांपैकी ओचं जे प्रमाण असेल, त्याचा वर्ग म्हणजे ओ गटाच्या माणसांचं प्रमाण. (हे वर्गाचं सूत्र हार्डी आणि वाइनबर्ग यांनी १९०८ मध्ये वेगवेगळं मांडलं होतं.) उलट जायचं तर ०.३१३चं वर्गमूळ काढा : ०.५५९. हे ओ जनुकाचं प्रमाण. आता ओ आणि ए गटाची माणसं मिळून ०.५०३. यांच्यात बी जनुक मुळीच नाही. वर्गमूळ ०.७०९, म्हणून बी जनुकाचं प्रमाण १ वजा ०.७०९, म्हणजे ०.२९१. याच रीतीने ओ आणि बी गट मिळून ०.७२५, वर्गमूळ ०.८५१, म्हणून ए जनुकाचं प्रमाण ०.१४९.

एबी गटाच्या आकड्याला आपण अजून हातही लावलेला नाही, हे लक्षात घ्या. तिन्ही प्रमाणांची बेरीज करा. ०.९९९ येते. ती १ यायला हवी होती! आणि एबी गट? ए आईकडून व बी वडिलांकडून किंवा उलट, म्हणून दोनदा ०.१४९ गुणिले ०.२९१. हजारात ८६-८७. प्रत्यक्षात ८५.

शाळेत ओळखपत्रांसाठी मुलांचे रक्तगट नोंदवलेले असतात. चार-पाचशे मुलांची यादी मिळाली तर दहावीच्या वर्गाला हा हिशोब जरूर करायला द्यावा. फक्त गटवार संख्या द्यायच्या, नावं नकोत. आणि एक सूचना आवर्जून करावीशी वाटते : मुलांना घरून आईवडिलांचे रक्तगट विचारून आणायला सांगू नये. तपासणीतल्या चुका, दत्तक मूल, अशी अनेक कारणं असू शकतात, आणि वर्गात ती चव्हाट्यावर येणं कुणाच्याच हिताचं नाही.

हा इशारा देण्याचं कारण बर्नस्टाइनच्या निष्कर्षातच आहे. जागा एकच असेल तर एबी गटाच्या आई किंवा वडिलांना ओ गटाचं मूल होऊच शकत नाही, कारण त्यांच्याकडे द्यायला ओ जनुक नाहीच. जुन्या कल्पनेप्रमाणे ते होऊ शकत होतं आणि तशा काही नोंदीही छापलेल्या होत्या. बर्नस्टाइनने त्या चुकीच्या ठरवल्या. नव्याने काळजीपूर्वक कुटुंबं तपासली गेली तेव्हा त्याचंच बरोबर निघालं. याच सुमारास जर्मनीतल्या न्यायालयांत पितृत्वाच्या खटल्यांत रक्तगटांचा पुरावा येऊ लागला होता. म्हणजे कोष्टकातल्या १३७ आणि ८५ या आकड्यांतल्या फरकावर एखाद्या मुलाचा बाप कोण हे ठरणार होतं. खुद्द बर्नस्टाइन आणि हिर्शफेल्ड यांच्या वाट्याला मात्र रक्ताच्या नावाने चाललेलं वेगळंच राजकारण आलं. दोघेही जन्माने ज्यू. १९३३ मध्ये नाझींनी बर्नस्टाइनला विद्यापीठातून काढून टाकलं, तो अमेरिकेतच राहिला. हिर्शफेल्डला वॉर्साच्या घेट्टोत कोंडण्यात आलं. तिथून निसटून तो वाचला.

एकाच जागेच्या नियमाला एक अपवाद सापडला तो आपल्या मुंबईत. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा तीन व्यक्तींची नोंद केली, की ज्यांचं रक्त तपासणीत ओसारखं दिसे, पण ओ गटाचं रक्तही त्यांना चालत नसे. हाच ‘बॉम्बे’ रक्तगट. ए आणि बी हे पदार्थ ज्या एच नावाच्या पायावर उभे राहतात, तो पायाच या लोकांत नसतो. एचचं जनुक १९ व्या गुणसूत्रावर, एबीओचं ९ व्या. त्यामुळे बी जनुक असूनही ते झाकलेलं राहतं आणि ‘ओ’ दिसणाऱ्या माणसाला एबी गटाचं मूल होऊ शकतं. मुंबईत सुमारे दहा हजारांत एक माणूस असा सापडतो.

इथपर्यंतचा हिशोब रक्तगट कसे उतरतात याचा झाला. रक्तगटाचा आणि रोगाचा संबंध काय, हा प्रश्न जास्त अवघड, आणि ‘कोणाशी तुलना’ हा पेच इथेच खरा उभा राहतो.

इंग्लंडच्या उत्तर भागात पोटाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू दक्षिणेपेक्षा जास्त आहेत हे माहीत होतं. उत्तरेत ओ गटाचं प्रमाण दक्षिणेपेक्षा जास्त आहे हेही माहीत होतं. दोन गोष्टी जोडून पाहायचा मोह कुणालाही होईल. एअर्ड आणि बेंटॉल हे शल्यचिकित्सक आणि फ्रेझर रॉबर्ट्स हा आनुवंशिकीचा अभ्यासक, या तिघांनी रुग्णालयांतल्या नोंदी गोळा केल्या आणि प्रत्येक ठिकाणच्या रुग्णांची तुलना त्याच ठिकाणच्या इतर लोकांशी केली. १९५३ मध्ये छापलेलं उत्तर अपेक्षेच्या उलट होतं. पोटाचा कर्करोग झालेल्यांत ओ नव्हे, ए गट जास्त होता. ए गटाला धोका ओच्या मानाने साधारण एक पंचमांशाने अधिक. नकाशावर दोन रंग एकाच बाजूला गडद दिसले म्हणून एक दुसऱ्याचं कारण ठरत नाही, याचं याहून चांगलं उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

पुढच्या वर्षी त्यांनी अल्सरचे, म्हणजे जठराला किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला पडणाऱ्या व्रणाचे, आकडे मांडले. इथे ओ गट जास्त निघाला. तीन शहरांचे हे आकडे बार्नेट वुल्फ या संख्याशास्त्रज्ञाने १९५५ मध्ये एका छोट्या पण फार महत्त्वाच्या लेखासाठी वापरले :

लंडन : रुग्ण ओ ९११, ए ५७९, इतर लोक ओ ४५७८, ए ४२१९.
मँचेस्टर : रुग्ण ओ ३६१, ए २४६, इतर लोक ओ ४५३२, ए ३७७५.
न्यूकॅसल : रुग्ण ओ ३९६, ए २१९; इतर लोक ओ ६५९८, ए ५२६१.

लंडनच्या रुग्णांत ए गटाच्या दर शंभरामागे ओ गटाचे १५७.३. लंडनच्या इतर लोकांत ए गटाच्या शंभरामागे ओचे १०८.५. भागाकार १.४५. म्हणजे ओ गटाचा धोका ए गटाच्या सुमारे दीडपट. मँचेस्टरला हेच गुणोत्तर १.२२ आणि न्यूकॅसलला १.४४.

आता मुद्दाम एक गैरप्रकार करू. लंडनचे रुग्ण घ्या आणि त्यांची तुलना न्यूकॅसलच्या इतर लोकांशी करा. तिथे ए गटाच्या शंभरामागे ओचे १२५.४ आहेत. भागाकार १.२५. पंचेचाळीस टक्के जादा धोका एकदम पंचवीस टक्क्यांवर आला! उलट न्यूकॅसलचे रुग्ण आणि लंडनचे इतर लोक अशी जोडी लावली तर गुणोत्तर १.६७ येतं. एकाही माणसाचा रक्तगट बदलला नाही, कुणाचा अल्सर बरा झाला नाही की वाढला नाही. बदलला फक्त शेजारी उभा केलेला माणूस.

तिन्ही शहरांचे आकडे सरसकट एकत्र ओतले तरी गोंधळ होतोच, कारण तुलनेच्या लोकांत न्यूकॅसलची भरती जास्त आहे आणि रुग्णांत लंडनची. असं केल्यावर गुणोत्तर १.३५ येतं. वुल्फने सांगितलेला मार्ग असा : प्रत्येक शहराचं गुणोत्तर त्या शहरापुरतंच काढायचं, आणि मग त्यांची सरासरी काढताना ज्या शहराचा आकडा जास्त भरवशाचा त्याला जास्त वजन द्यायचं. त्याच्या पद्धतीने उत्तर १.३९ येतं. फरक थोडा वाटेल, पण पद्धतीतला फरक मोठा आहे.

तरीही शंका घेणारे गप्प बसले नाहीत, आणि त्यांचं चुकत नव्हतं. शहर एक असलं तरी शहरातली माणसं एकसारखी कुठे असतात? समजा मुंबईतले मराठी आणि मल्याळी बोलणारे लोक एकत्र करून आपण ‘मल्याळी बोलण्याचं जनुक’ शोधायला निघालो. या दोन गटांत ज्या ज्या जनुकाचं प्रमाण थोडंफार वेगळं असेल, ते प्रत्येक जनुक मल्याळी बोलण्याशी निगडित निघेल! भाषा आईच्या मांडीवर शिकली जाते, पण कोष्टकाला ते कळत नाही.

ही नुसती थट्टा नाही. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात पिमा लोकांमध्ये मधुमेहाचं प्रमाण फार मोठं आहे. तिथे प्रतिपिंडांच्या जनुकांचा एक विशिष्ट संच असलेल्या लोकांत मधुमेह ८ टक्के आणि नसलेल्यांत २९ टक्के, असं दिसलं. हा संच मधुमेहापासून बचाव करतो असं कुणीही म्हटलं असतं. १९८८ मध्ये नोलर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की हा संच मुळात युरोपीय पूर्वजांकडून आलेला आहे. ज्याच्याकडे तो आहे त्याच्या घराण्यात युरोपीय रक्त मिसळलेलं, एवढंच त्यावरून कळतं. निव्वळ पिमा वंशाच्या प्रौढ लोकांकडे पाहिलं तेव्हा संच असो वा नसो, मधुमेहाचं प्रमाण जवळजवळ सारखंच होतं.

मग तुलनेसाठी आणायचं तरी कोणाला? एक उत्तर १९५६ मध्ये लिव्हरपूलच्या सिरिल क्लार्क आणि सहकाऱ्यांनी आजमावलं होतं : रुग्णाची सख्खी भावंडं. वंश तोच, घर तेच. जनुकांच्या वाटणीत मात्र नशिबाचा भाग. पण भावंडांत ओ गटाचा जादा वाटा स्पष्ट दिसला नाही. विरोधकांना वाटलं की आपलंच खरं ठरलं. अडचण संख्येचीही होती. सख्ख्या भावंडांचे रक्तगट बऱ्याचदा सारखेच असतात, आणि अशी घरं तुलनेला निरुपयोगी. फरक असेल तर तो दिसायला फार मोठी संख्या लागते. हा वाद बरीच वर्षं लोंबकळत राहिला.

१९९३ मध्ये स्पीलमन, मॅकगिनिस आणि यूअन्स यांनी याहून नामी युक्ती काढली. आईवडिलांपैकी ज्याच्याकडे एखाद्या जागेवर दोन वेगवेगळी जनुकं आहेत, तो मुलाला त्यातलं एक देतो आणि एक देत नाही. न दिलेलं जनुक हाच तुलनेचा माणूस! जनुकाचा रोगाशी संबंध नसेल तर आजारी मुलांना ते निम्म्या वेळा मिळायला हवं, नाणं उडवल्यासारखं. लहानपणी होणाऱ्या मधुमेहाच्या बाबतीत इन्सुलिनच्या जनुकाजवळची एक खूण त्यांनी तपासली. १२४ वेळांपैकी ती खूण आजारी मुलाकडे ७८ वेळा आली होती आणि ४६ वेळा नाही. १२४ वेळा नाणं उडवून ७८ छापे पडणं दुर्मीळच. आई ती खूण देईल की दुसरी, हे वंशावर, आहारावर किंवा शहरावर ठरत नाही. पिमा लोकांच्या कोष्टकातला धोका इथे आपोआप टळतो. वर्गात दोन रंगांचे मणी आणि एक पिशवी घेऊन ही पद्धत पाऊण तासात समजावता येते.

२००५ नंतर एकाच वेळी पाच-पाच लाख खुणा तपासणं शक्य झालं. इतके प्रश्न एकदम विचारले की निव्वळ योगायोगाने हजारो ‘संबंध’ दिसणारच. त्यामुळे पुराव्याची अट प्रचंड कडक करावी लागली. तुलनेचा प्रश्न मात्र जुनाच राहिला. पण आता त्या लाखो खुणांवरूनच माणूस कुठल्या वंशधारेतला हे ओळखता येऊ लागलं आणि हिशोबात त्याची वजावट करता येऊ लागली.

अल्सरचं पुढे काय झालं? १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात वॉरन आणि मार्शल यांना जठरात राहणारा हेलिकोबॅक्टर हा जिवाणू सापडला. बहुतेक अल्सर त्याच्यामुळे होतात, हे हळूहळू सर्वांनी मान्य केलं आणि दोघांना २००५ चं नोबेल मिळालं. मग रक्तगटाची कथा खोटी म्हणायची का? २०१२ मध्ये जपानी लोकांच्या संपूर्ण जनुकसंचाची चाळणी लहान आतड्याच्या अल्सरसाठी करण्यात आली. कडक अट ओलांडून फक्त दोन जागा वर आल्या. त्यातली एक होती ९ व्या गुणसूत्रावरची, एबीओ रक्तगटाची. देश वेगळा, पद्धत वेगळी, पण एअर्डच्या चमूने १९५४ मध्ये बोट ठेवलं होतं ती जागा बरोबर निघाली. संसर्ग जिवाणूचाच, पण तो झाल्यावर व्रण कुणाला पडणार यात रक्तगटाचाही थोडा हात.

आणि २०२० मध्ये कोविडच्या साथीत हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. इटली आणि स्पेनमधल्या गंभीर रुग्णांच्या अभ्यासात एबीओची जागा पुढे आली : ए गटाला धोका थोडा जास्त, ओ गटाला थोडा कमी. वर्तमानपत्रांनी ठळक मथळे दिले. संख्याशास्त्रज्ञांनी मात्र विचारलं, तुलनेसाठी घेतलेले निरोगी लोक कोण होते? त्यांत बरेचसे रक्तदाते होते. ओ गटाचं रक्त सगळ्यांना चालतं म्हणून रक्तपेढ्या त्या गटाच्या दात्यांना जास्त वेळा बोलावतात. मग दात्यांच्या यादीत ओ गट मुळातच जास्त भरणार, आणि रुग्णांत तो आपोआप ‘कमी’ दिसणार. ही शंका रास्त होती. पुढे अनेक देशांतल्या, दात्यांवर अवलंबून नसलेल्या फार मोठ्या नमुन्यांवर तपासणी झाली तेव्हा संबंध टिकला, पण त्याचा अर्थ बदलला. रक्तगटाचा परिणाम दिसला तो मुख्यतः संसर्ग होण्यावर. झालेला आजार किती गंभीर होणार यावर तो फारसा दिसला नाही.